वळणापुरती

३ जुलै

प्रिय खुंटी,

वर्षाला एक कार्ड टाकून गप्प बसणारी मैत्रीण अचानक पानंच्या पानं लिहायला लागली की समजावं, हिचं काहीतरी काम आहे. आहेच.

आमच्या ठकीला तुझ्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तू तिथली रजिस्ट्रार आहेस म्हणून नव्हे, स्वतःच्या मार्कांवर. हे आधीच लिहिते, नाहीतर ती माझं डोकं खाईल. राहील हॉस्टेलवर. पण परगावच्या मुलींना गावातला एक पालक दाखवावा लागतो, असं तुमच्या रेक्टरबाई म्हणतात. तुझ्याशिवाय आमचं तिथं आहे कोण? तू हो म्हणालीस असं धरून मी मोकळी झालेय.

आणि एक अट आहे. तिला मैदानावर जाऊ देऊ नकोस. धावणं, उड्या, खेळ, काहीच नको. पोरगी चपळ आहे. शाळेत दरवर्षी तिचं नाव घ्यायचे आणि दरवर्षी मी जाऊन ते काढून घ्यायचे. तिला वाटतं, आपली आई खडूस आहे. वाटू दे. कारण विचारू नकोस, खुंटी. अभ्यासाची वर्षं आहेत, शिवाय यांनाही आवडत नाही, एवढं पुरे समज.

तुला पालक करताना काय आठवलं सांगू? कॉन्व्हेंटचं मैदान, स्पर्धेचा दिवस, आम्ही सगळ्या रेषेवर आणि तू कडेला उभी. दोन्ही हातांवर अख्ख्या वर्गाचे स्वेटर, गळ्यात लेसनी बांधलेले कुणाकुणाचे बूट. सिस्टर म्हणाल्या होत्या, "अगं, तू मुलगी आहेस का खुंटी?" तेव्हापासून जे नाव पडलं ते पडलंच. पण मला आत्ता वाटतं, आपली वस्तू ठेवायला त्या वर्गात दुसरी जागा नव्हती.

तीच वस्तू समज. सांभाळ.

तुझी
भिंगरी


२२ जुलै

प्रिय भिंगरी,

वस्तू पोचली. पेटी, वळकटी आणि लोणच्याएवढं तिखट तोंड, सगळं व्यवस्थित आहे.

मी तिला पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. अगं, हुबेहूब तू! तीच हनुवटी, तेच एका पायावर भार टाकून उभं राहणं. ऑफिसात सगळ्यांसमोर "नमस्कार मॅडम" म्हणाली, आणि जिन्यात गाठून हळूच, "मावशी, आईने तुमच्याबद्दल सगळं सांगितलंय, झोपेत बडबडता तेसुद्धा." तू काय काय सांगितलं आहेस देवाला ठाऊक.

माझं विचारलं नाहीस, पण सांगते. लग्न केलं नाही ते बरंच झालं, असं मला वर्षातले बरेचसे दिवस वाटतं. उरलेले दिवस कॉलेज उघडं असतं. मी अजूनही स्वेटरच सांभाळते. कागदोपत्री माझा खेळाशी काडीचा संबंध नाही. खेळाचे सर आहेत, समिती आहे, समितीच्या डोक्यावर प्राचार्य आहेत. पण स्पर्धेच्या आठवड्यात प्रयोगशाळेची प्रात्यक्षिकं पुढे कोण ढकलतं? हजेरी कमी पडली म्हणून परीक्षेला बसू न देणाऱ्या प्राध्यापकांना चहाला बोलावून गोड कोण बोलतं? मैदानावर धूळ उडते म्हणून हॉस्टेलच्या टाकीतलं पाणी गुपचूप सोडायला कोण लावतं, आणि मग रेक्टरबाईंचं बोलणं कोण खातं? बक्षीस समारंभात प्राचार्य सरांचे आभार मानतात, सर प्राचार्यांचे मानतात, आणि मी पडद्यामागे उभी राहून कप पुसून पुढे देते. मला समोर बोलावलं तर माझे पाय लटपटतील. मागे असले की मी वाघीण.

गंमत म्हणजे माझ्या खिडकीतून मैदान दिसतच नाही. दिसतं ते एक वळण. डावीकडे खेळाच्या सामानाची खोली, उजवीकडे निलगिरीचं दांडगं झाड, आणि दोघांच्या मधे जेवढं मावतं तेवढंच. मुलं खोलीआडून येतात, वळतात आणि झाडाआड जातात. कोण जिंकलं ते मी ओरड्यावरून ओळखते. मी टेबल मुद्दाम तिथे सरकवून घेतलंय. नवीन कारकून बाईंना वाटतं, मॅडमना वारा आवडतो.

तुझी अट लक्षात आहे. ठकी माझ्या नजरेखाली आहे. काळजी नसावी.

तुझी
खुंटी


१९ ऑगस्ट

प्रिय खुंटी,

पत्र वाचून इतकी हसले की हे बैठकीतून उठून आले. "काय झालं?" म्हणाले. म्हटलं, माझी एक मैत्रीण म्हातारी व्हायचं नाव घेत नाही.

ठकीची पत्रं म्हणजे तारा असतात. "मी बरी आहे. पैसे नकोत. उशी पाठव." परवाच्या पत्रात लिहिते, "पाय दुखतात, जाड मोजे पाठव." तुमच्याकडे जिने फार आहेत का गं? आणि म्हणे, मावशी रोज दूध पाठवते आणि मी पिते. हिला घरी दुधाचा पेला दाखवला की ही गच्चीवर! तू काय जादू केलीस?

मोजे विणायला घेतलेत. करड्या लोकरीचे. सिस्टरांनी शिकवलेली टाच मला अजून जमत नाही, दर वेळी पोटाशी फुगते. तू काढून द्यायचीस ती.

ती रात्री नीट झोपते का? धाप लागते असं कधी म्हणते का? सहज विचारते. आई झालं की माणूस सहज काहीबाही विचारतं.

तुझी
भिंगरी


११ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

जिने आहेत, हो. ग्रंथालय पार वरच्या मजल्यावर आहे, आणि तुझी लेक पुस्तकातला किडा.

धाप कसली! भूक लागते तिला. रविवारी माझ्याकडे जेवायला येते आणि भांडी रिकामी करून जाते. जेवताना एक पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवून हलवत असते. माझ्या घरात इतकी वर्षं काही हलत नव्हतं, भिंगरी. घड्याळाचा लंबक सोडून. ती गेली की मी त्या खुर्चीकडे बघत बसते. हसू नकोस.

तिच्याकडे पाहिलं की राहून राहून एकच मनात येतं, म्हणून आज विचारून टाकते. तू का सोडलंस गं? त्या वर्षी दादा तापाने गेला. सुट्टीत आपल्याला न्यायला यायचा तो, गेटाबाहेरून शीळ घालायचा आणि सिस्टर दिसल्या की शीळ गिळून टाकायचा. मला तो किती आवडायचा हे तुला माहीत होतं आणि तू चिडवायचीस. तू घरून परत आलीस आणि पुन्हा मैदानावर पाय ठेवला नाहीस. मी रोज संध्याकाळी तुझे बूट घेऊन पायरीवर उभी राहायचे. सिस्टर म्हणाल्या, दुःखाला वेळ द्यावा. मी दिला की! तू आलीच नाहीस. रिलेची काठी शेवटी त्या ढोल्या मुलीच्या हातात गेली आणि आपण हरलो.

खरं सांगू, मला तेव्हापासून तुझा थोडा राग आहे. देवाने एखाद्यालाच असं काही देऊन पाठवलेलं असतं. ते उचलून कोपऱ्यात ठेवून द्यायचं? माझ्यासारखीने तर जन्मभर दुसऱ्यांचे बूटच धरले.

तुझी
खुंटी


४ ऑक्टोबर

प्रिय खुंटी,

जुनं उकरून काय हाती लागणार? पोरवय होतं, आवड होती, सुटली. सगळ्यांचं काही ना काही सुटतं. तो विषय पुन्हा काढू नकोस, माझी शपथ आहे.

ठकीचं काल मोठं पत्र आलं, चक्क पान भरून. "आई, मला इथे खूप बरं वाटतं. सकाळी आपोआप जाग येते. हवा गार असते. आपण काहीही करू शकू असं वाटतं." मी यांना दोनदा वाचून दाखवलं. माझी ठकी आणि सकाळी आपोआप जाग! हिला उठवायला मला तोंडावर पाणी मारावं लागायचं.

खरंच सांगते, तू आहेस म्हणून मी झोपते. कितीतरी वर्षांत अशी झोपले नव्हते. तिच्या जन्मापासून म्हण ना.

डिसेंबरच्या सुट्टीला आम्ही दोघं येतो तिला न्यायला. सोळा तारखेला. तुझ्याकडे उतरू. भावोजींना म्हणजे यांना साखर कमी लागते, मला जास्त.

तुझी
भिंगरी


२६ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

सोळाला नाही, चौदाला ये. सकाळीच पोहोच. भावोजींना साखर कमी, सासुरवास जास्त, जे काय लागेल ते देऊ, पण ये.

कारण विचारू नकोस. हे वाक्य तुझंच आहे, तुलाच परत.

एवढंच सांगते: आलीस की आधी माझ्यावर रागावशील, मग रडशील, मग मला मिठी मारशील, याच क्रमाने. मी तिन्हीची तयारी ठेवलीय. तुला माझ्या ऑफिसात, माझ्या खुर्चीवर बसवणार आहे, खिडकीशी. मग हवं तर तू खाली जा, पुढे उभी राहा. मी काही येणार नाही, माझे पाय लटपटतात.

तू ये गं. एक दिवस ये.

तुझी
खुंटी


५ डिसेंबर

प्रिय खुंटी,

तू आणि तुझी कोडी! ठकीला निबंधात बक्षीस मिळालंय, होय ना? तिला विचारलं तर ती म्हणते, "मावशीलाच विचार." दोघी सामील आहात.

पण चौदाला नाही जमत. यांच्या ऑफिसात वरून साहेब यायचे आहेत आणि यांना हलता येत नाही. मला एकटीला पाठवायला तयार नाहीत, गाडीत म्हणे मी सामान विसरते. आम्ही सोळालाच येतो. दोन दिवसांनी काय बिघडतं? बक्षीस काही पळून जात नाही.

मोजे झाले म्हणून तिच्यासाठी स्वेटर विणायला घेतला तो काल संपला. निळा, शाळेचा होता ना आपला, अगदी त्याच रंगाचा. लोकरवाल्याकडे तीन खेपा घातल्या त्या रंगासाठी. तिला सांगू नकोस. आल्या आल्या तुझ्या हातावर टाकीन. खुंटीवरच टांगायचा.

तुझी
भिंगरी


९ जानेवारी

प्रिय भिंगरी,

हे नाव लिहायचा मला हक्क उरलाय का, माहीत नाही. दुसरं कुठलं नाव माझ्याजवळ नाही.

दवाखान्याच्या त्या लांब बाकावर तू बसलीस तेव्हा मी येऊन शेजारी बसले, आणि तू उठून उभी राहिलीस. भावोजी माझ्याशी बोलले, डॉक्टर बोलले, तू मात्र एकच वाक्य बोललीस, तेही भिंतीकडे बघत. "ती मैदानावर काय करत होती?" त्याचं उत्तर आज देते. नको असेल तर इथेच फाडून टाक.

ती जुलैच्या शेवटी ऑफिसात आली. म्हणाली, "मावशी, मैदानावर जायला पालकांची परवानगी लागते म्हणे. इथले माझे पालक तुम्हीच ना?" डोळ्यांत इतका लबाडपणा की मला हसू आलं. मी म्हटलं, आई नको म्हणालीय. तर म्हणाली, "का नको ते मला सांगत नाही. तुम्हाला सांगितलंय?" मला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, भावोजींचं जुनं वळण आहे, आणि तू नेहमीसारखी गप्प बसलीयेस. मला वाटलं, एकीचे बूट मी उगाच धरून उभी राहिले, दुसरीचे तरी तिच्या पायात घालते. मी म्हटलं, "एकदा पळून बघ. एकदाच."

पुढचं ऐक. आमच्या खेळाच्या सरांची एक पद्धत आहे. कुठलंही मूल संघात घेण्याआधी ते स्वतः त्याच्या घरी फोन लावतात आणि घरच्या माणसाला तोंडी विचारतात: चक्कर येते का, छातीत दुखतं का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का. "लाजू नका, मला सांगा, मी कुणाला सांगणार नाही," म्हणतात. परगावच्या मुलांसाठी इथल्या पालकांना विचारतात. त्या दिवशी ते माझ्यासमोरच बसले होते. म्हणाले, "आता मी तुम्हालाच फोन लावायचा की काय, मॅडम?" मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम. लावा." त्यांनी माझ्याच टेबलावरचा एक फोन उचलून दुसऱ्यावर लावला. आम्ही दोघं समोरासमोर, कानाला रिसीव्हर लावून. कारकून बाई तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

"नमस्कार, मुलीचे पालक बोलताय?"

"बोलतेय."

"मुलीला चक्कर वगैरे येते?"

"अहो, ती दुसऱ्यांना आणते."

"घरात कुणी लहान वयात, अचानक?"

आणि मी म्हटलं, "छे. मामा गेला तिचा, पण तो तापाने. मी त्या घराला लहानपणापासून ओळखते."

इतक्या खात्रीने मी जन्मात दुसरं काही बोललेले नाही. सरांनी रिसीव्हर ठेवला, म्हणाले, "आभारी आहे, बाई," आणि आम्ही सगळे पुन्हा हसलो.

डॉक्टर तुला म्हणाले ना, हे रक्तातून येतं, घरात कुणाला होतं का? आणि तू मान खाली घातलीस. ती खाली गेलेली मान मी पाहिली. मी विचारणार नाही. मला विचारायचा अधिकार नाही. पण मी एकदा, फक्त एकदा, तुला विचारून मग हो म्हणाले असते, तर तू काही ना काही बोलली असतीस. मी विचारलं नाही, कारण मला वाटलं मला माहीत आहे.

खुंटी


२० मार्च

प्रिय भिंगरी,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असेल.

मी राजीनामा दिला होता. प्राचार्यांनी तो टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "तुमचा काय दोष, मॅडम? तुम्ही तर खेळात कुठेच नव्हता." कॉलेजात सगळ्यांना तसंच वाटतं. इतकी वर्षं मागे राहायला धडपडले, आता दोष घ्यायलासुद्धा मला पुढे येता येत नाही. सरांनी मात्र ओळखलंय. ते रोज सकाळी मैदानावर जातात, मुलांना पळवतात, पण त्यांच्या गळ्यातली शिट्टी गेलीय. हाताने खुणा करतात. माझ्यासमोर बसत नाहीत, दारातून बोलतात.

टेबल मी पुन्हा भिंतीकडे वळवून घेतलं.

हॉस्टेलवरची पेटी भावोजी घेऊन गेले. तिचे धावायचे बूट माझ्याकडे राहिलेत, तळाला खिळे असतात ते. मीच आणले होते. त्यात तुझे करडे मोजे आहेत, फुगलेल्या टाचेचे. पाठवू की नको, एवढं कळव. एका शब्दात कळवलंस तरी चालेल.

खुंटी


११ जून

खुंटी,

बूट तुझ्याकडेच ठेव. मोजे पाठव.

तुझं पहिलं पत्र मी तेव्हाच वाचलं. यांना दाखवलं नाही. यांना वाटतं तू तिला फूस लावलीस, आणि मी त्यांचं ते वाटणं मोडत नाही, कारण मोडलं तर मला बाकीचंही सांगावं लागेल. ते मी आज तुला सांगते. यांना कधी सांगता येईल, माहीत नाही.

दादा तापाने गेला नव्हता. मित्रांबरोबर शर्यत लावून टेकडीवर पळत चढला आणि वर पोचल्यावर हसत हसत पडला. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, याचं हृदय जन्मापासून असं होतं, दुसऱ्या मुलांनाही असू शकतं, धावू देऊ नका. आईने त्याच दिवशी आम्हा बहिणींना माजघरात बसवून शपथ घातली. ताप म्हणायचं. कुणी विचारलं तरी ताप. नाहीतर तुम्हाला कोण करून घेईल? मी बोर्डिंगला परत आले आणि सगळ्यात आधी तुला सांगितलं, ताप. तू किती रडलीस! माझ्यापेक्षा जास्त. तुझं रडणं पाहून मला वाटलं, आता हे खोटं मागे घेता येणार नाही.

मग ते खरंच झालं. नवऱ्याला ताप, सासरी ताप, पोटच्या मुलीलाही ताप. ठकीला लहानपणी एका डॉक्टरांना दाखवलं होतं, परगावी, यांना न सांगता. ते म्हणाले, आत्ता तर काही ऐकू येत नाही, पण जपा. म्हणून जपत राहिले. तिला सांगितलं नाही. छातीवर हात ठेवून जगणारी मुलगी मला नको होती. आणि तुला तर एका ओळीत सांगता आलं असतं. तू विचारलंसही. मी शपथ घालून तुझं तोंड बंद केलं.

तुला माफ केलं, असं समजू नकोस. मला ते जमलेलं नाही. रोज सकाळी उठून मी तुझ्यावर रागावते आणि दुपारपर्यंत तो राग फिरून माझ्यावरच येतो. मग संध्याकाळी दोघींवर. तुला दुसऱ्या पत्राचं उत्तर द्यायला म्हणूनच एवढे महिने गेले.

सोबत पार्सल आहे. तो निळा स्वेटर. घरात ठेववत नाही, कुणाला देववत नाही. टाकून तर मुळीच देववत नाही.

आणि एक मागते. मी माझ्या मुलीला धावताना कधी पाहिलं नाही. एकदाही नाही. पाळण्यातून उतरल्यापासून मी तिला "पळू नको" एवढंच म्हणत आले. लोक येऊन सांगतात, काय धावायची हो तुमची मुलगी! मला कळत नाही मी तोंड कसं करावं. तू पाहिलंस. ती कशी धावायची, ते मला लिही. मला बरं वाटावं म्हणून काही घालू नकोस.

भिंगरी


२५ जून

प्रिय भिंगरी,

मोजे वेगळ्या पुडक्यात पाठवलेत. धुतले नाहीत.

दादाचं वाचलं. हसत हसत पडला, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. त्यावर मी आणखी काही लिहिणार नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर देते. पण आधी एक सांगायला हवं. मीही तिला पूर्ण धावताना पाहिलेलं नाही. सर पाहायचे, बाकीची मुलं पाहायची. मी खाली कधी गेले नाही, तुला ठाऊक आहे माझं. मला दिसायचं ते वळण. तेवढंच माझ्याजवळ आहे. तेवढं सगळं तुला देते.

आधी पावलं ऐकू यायची. बाकीच्या मुलींची पावलं धपधप वाजतात, हिची वाजायची नाहीत, नुसती कुजबुज. म्हणून ती येतेय हे मला उशिरा कळायचं. सामानाच्या खोलीच्या कडेला आधी गुडघा दिसायचा, मग ती. वळणावर येताना इतर मुली दात आवळतात, कपाळाला आठ्या घालतात. हिचं तोंड जरासं उघडं असायचं, कुणीतरी काही नवीन सांगतंय आणि ती ऐकतेय, तसं. डाव्या हाताचा अंगठा मुठीत दाबून धरायची. तू धरायचीस तसाच. सर म्हणे तिला रोज सांगायचे, मूठ सैल सोड, आणि ती सोडायची, आणि वळणावर येईपर्यंत अंगठा पुन्हा आत. मी खिडकीत बसून एकटीच हसायचे. तिला कुणी शिकवलं असेल ते? तू तर कधी दाखवलं नाहीस.

वळताना तिचं सगळं अंग आत झुकायचं. कडेवरचं मूल आईकडे झुकतं ना, तसं. न पडता इतकं झुकता येतं, हे मी तुझ्यानंतर तिच्यातच पाहिलं. केस एका बाजूला जायचे आणि मानेवरचा तो बारका तीळ दिसायचा. आणि झाडाआड जायच्या आधी, रोज, मान न वळवता उजवा हात कोपरापासून थोडासा उचलायची. माझ्यासाठी. पहिल्या दिवशी मला वाटलं माशी हाकलली. मग कळलं.

त्या दिवसाचंही लिहिते, कारण तू काही घालू नकोस म्हणालीस, आणि काढूनही घेऊ नये.

लांब पल्ल्याची शर्यत होती, मैदानाला पुष्कळ फेऱ्या. मी सकाळपासून फायलीत डोकं घालून बसले होते, तुझी खुर्ची तशीच खिडकीशी ठेवून. तू यायची नव्हतीस तरी ठेवली होती. प्रत्येक फेरीला ती वळणावर पहिली यायची. एकटी. तिच्यामागे मोकळी जागा आणि मग बाकीच्या. प्रत्येक फेरीला हात उचलायची. तिच्या चेहऱ्यावर त्रास नव्हता, भिंगरी. मी देवासमोर उभी राहून सांगेन. त्रास असता तर मी ओरडले असते, त्या खिडकीतून उडी टाकली असती. ती आनंदात होती. तू मला कळवलेल्या तिच्या त्या पत्रासारखी, आपण काहीही करू शकू, अशी.

मग एका फेरीला ती आली, झुकली, हात उचलला आणि झाडाआड गेली.

मी पुढच्या फेरीसाठी खोलीच्या कडेकडे डोळे लावले. तिच्याआधी दुसऱ्याच मुली आल्या. एक आली, मग घोळका आला, आणि त्या वळणावर मागे बघत बघत थांबल्या. मला वाटलं, मी फायलीकडे बघितलं तेवढ्यात ही निसटून पुढे गेली. माझं नेहमीचं, ऐन वेळी नजर हलते. आता ओरडा होईल आणि कळेल, म्हणून मी कान लावला. निकाल मी ओरड्यावरून ओळखते. तेव्हा इतकं शांत झालं की निलगिरीची पानं ऐकू आली. तरी मी उभीच राहिले. मला वाटलं, येईल. एवढ्यात गुडघा दिसेल.

माझ्याकडे एवढंच आहे.

कॉलेज पुन्हा सुरू झालंय. काल टेबल परत खिडकीशी सरकवून घेतलं. कारकून बाईंनी दुसरं टोक धरलं. तुझा स्वेटर कपाटात ठेवलेला नाही. सकाळी मुलं पळायला येतात तेव्हा मी तो डाव्या हातावर घेऊन उभी असते. रंग अगदी तोच जुळलाय गं.

तुझी
खुंटी